फ्रॉइडचा बाप आणि श्यामची आई

मंडळी, मागचं व्याख्यान संपल्यावर दोन श्रोते आमच्यासाठी थांबले होते. त्यांच्या प्रश्नांमुळे आजच्या व्याख्यानाचा आराखडा बदलावा लागला, म्हणून आधी ते प्रश्न सांगतो.

एक होत्या तरुण बाई. मुलगा पाच वर्षांचा. म्हणाल्या, "सर, माणसाच्या स्वभावाचा पाया पहिल्या पाच-सहा वर्षांत घातला जातो असं तुम्ही सांगितलंत. मी तर रोज ओरडते त्याच्यावर. कधी हातही उगारला जातो. मग आता जे बिघडायचं ते बिघडून गेलं का?" दुसरे गृहस्थ आमच्याच वयाचे, संगमेश्वराकडचे. ते म्हणाले, "माझे वडील मुंबईला गिरणीत. गणपतीला यायचे, शिमग्याला यायचे, आठ दिवस राहून परत. तुमच्या फ्रॉइडच्या घरात बाप रोज असतो. आमचा बाप भिंतीवरच्या फोटोत. मग आमचा तो पराहम् आला कुठून?"

प्रश्न दोन्ही चांगले, पण दुसरा थेट सिद्धांताच्या मुळाशी हात घालणारा आहे. आपल्या कोकणात पिढ्यान् पिढ्या चाकरमानी बाप मुंबईत आणि मूल आई-आजीपाशी, अशीच घरे होती. व्यक्तिमत्त्वाचा जो सिद्धांत अशा घरात लागू पडत नसेल त्याला माणसाच्या मनाचा सिद्धांत कसे म्हणायचे? तो व्हिएन्नातल्या काही घरांचा सिद्धांत ठरेल.

मागच्या वेळचे थोडक्यात उजळून घेऊ. फ्रॉइडने बालपणाचे टप्पे पाडले. तान्हेपणी सारे सुख तोंडापाशी, मग शी-शूच्या शिस्तीचा काळ, मग तीन ते सहा वर्षांमधला ईडिपसचा काळ, मग शाळेच्या वयातली शांतता आणि शेवटी वयात येणे. १९०५ च्या निबंधांपासून ही मांडणी आकार घेत गेली. पाठ्यपुस्तकात तिचा तक्ता देतात. आम्हीही वर्षानुवर्षे तो फळ्यावर काढला. खरं सांगायचं तर त्या तक्त्यातले बरेचसे आज कोणी जसेच्या तसे मानत नाही. टिकून राहिली ती एक गोष्ट: मूल ज्यांच्यावर अवलंबून असते, त्यांच्यावरच त्याचे प्रेमही असते आणि रागही असतो, आणि या ओढाताणीतून सुटण्यासाठी ते त्या माणसांना आपल्या मनात आणून बसवते. फ्रॉइडच्या मते मुलाला आई हवी असते, बाप आडवा येतो, बापाची धास्ती वाटते. शेवटी मुलगा आईवरचा हक्क सोडतो आणि बापासारखा होऊ लागतो. बाहेरचा बाप आत येऊन बसतो. १९२३ साली फ्रॉइडने त्याला नाव दिले, तेच ज्याला आपण मराठीत पराहम् म्हणतो. मुलींच्या बाबतीत तो फारच चाचपडला. बायकांचा पराहम् पुरुषांइतका कणखर नसतो, असेही त्याने लिहून ठेवले आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, थोड्या वेळाने लागेल.

आता हा सिद्धांत तपासायचा तर एखादे घर हवे. खऱ्या माणसांची घरे अशी चव्हाट्यावर मांडता येत नाहीत, मांडूही नयेत. पण आपल्याच जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातल्या पालगडचे एक घर असे आहे, की त्याचे दार त्या घरच्या मुलानेच सर्वांसाठी उघडून ठेवले आहे. साने गुरुजींचे 'श्यामची आई'. तुमच्यातल्या बहुतेकांनी ते वाचले असेल, निदान त्यावर रडला तरी असाल.

योगायोग बघा. फ्रॉइडचा स्वप्नांवरचा ग्रंथ बाजारात आला ४ नोव्हेंबर १८९९ रोजी, जरी त्यावर साल १९०० छापले होते. त्यानंतर सुमारे सात आठवड्यांनी, २४ डिसेंबर १८९९ रोजी पालगडला गुरुजींचा जन्म झाला. पुढे १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली. त्याच सुमारास, १९३३ साल छापलेली, फ्रॉइडची नवी व्याख्याने वाचकांच्या हाती आली होती. ती व्याख्याने त्याने दिलीच नव्हती. जबड्याच्या शस्त्रक्रियांमुळे त्याला सभेत बोलता येत नव्हते, म्हणून समोर श्रोते आहेत असे कल्पून त्याने ती नुसती लिहिली. एकाने न दिलेली व्याख्याने लिहिली, दुसऱ्याने रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना सांगितल्यासारख्या बेचाळीस रात्री लिहिल्या. दोघांनी एकमेकांचे नाव तरी ऐकले होते का, या फंदात आपण पडायला नको. दोघेही एकच प्रश्न धरून बसले होते: आपल्या आत बसून आपल्याला "हे कर, हे करू नको" म्हणणारा तो आवाज कोणाचा?

एक पथ्य मात्र आधीच सांगून ठेवतो. पुस्तक म्हणजे रुग्ण नव्हे. १९१० साली फ्रॉइडने लिओनार्दो दा विंचीच्या बालपणीच्या एका आठवणीवरून सबंध पुस्तक रचले. पाळण्यात असताना एक पक्षी येऊन शेपटीने आपले ओठ उघडू लागला, अशी ती आठवण. फ्रॉइडच्या हाती जे जर्मन भाषांतर होते त्यात तो पक्षी गिधाड होता. फ्रॉइडने इजिप्तची गिधाडमुखी मातृदेवता काढली आणि तिच्यावर केवढी इमारत उभी केली. मूळ इटालियन शब्द होता घार. भाषांतरकाराच्या एका चुकीने इमारतीची एक भिंत कोसळली. गुरुजींनी ११ जून १९५० रोजी आपले आयुष्य आपल्या हाताने संपवले, आणि त्याचे कारण 'श्यामची आई'त शोधणारे लोक आम्ही स्टाफरूममध्ये चहा पिता पिता पाहिले आहेत. आम्हाला तो उद्योग सवंग वाटतो. श्याम हा गुरुजींनी घडवलेला श्याम आहे. आपण पुस्तकातल्या श्यामबद्दलच बोलू.

आधी बाप. श्याम वडिलांना भाऊ म्हणतो. भाऊ फ्रॉइडच्या बापासारखे आहेत का? 'अळणी भाजी' ही रात्र आठवा. आई भाजीत मीठ घालायला विसरली आहे. भाऊ जेवतात आणि चकार शब्द काढत नाहीत, आणि त्यांच्याकडे बघून मुलेही गप्प जेवतात. आई जेवायला बसते तेव्हा तिला कळते. हा बाप धाक दाखवणारा नाही, स्वतःला आवरणारा आहे. शिवाय हे घराणे उतरणीला लागलेले आहे. कर्ज वाढत जाते, सावकाराचा तगादा लागतो, आणि एका रात्रीचे तर शीर्षकच 'अब्रूचे धिंडवडे' असे आहे. ज्या बापाची मुलाला कीव येते त्याची त्याला धास्ती कशी वाटेल?

इथे फ्रॉइडची स्वतःची एक आठवण सांगण्यासारखी आहे. तो दहा-बारा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला आपल्या तरुणपणची हकीकत सांगितली. रस्त्याने जाताना एका ख्रिस्ती माणसाने त्यांची नवी फरची टोपी उडवून चिखलात टाकली आणि ज्यू म्हणून त्यांना फुटपाथवरून खाली उतर म्हणाला. "मग तुम्ही काय केलं?" मुलाने विचारले. वडील शांतपणे म्हणाले, "खाली उतरलो आणि टोपी उचलली." मुलाला हे अजिबात रुचले नाही. पुढे तो ज्या बलाढ्य, शिक्षा करणाऱ्या बापाविषयी आयुष्यभर लिहीत राहिला, तो बाप त्याच्या घरात नव्हता. चिखलातून टोपी उचलणारा होता. म्हणजे व्हिएन्नातला बापसुद्धा आपण समजतो तितका व्हिएन्नातला नव्हता. आमचा असा अंदाज आहे, आणि तो अंदाजच समजा, की ज्याला बाप दुबळा दिसला त्यानेच सिद्धांतात इतका जबरदस्त बाप बसवला.

मग श्यामच्या मनात बसले आहे कोण? उघड आहे. आई. कळ्या उमलण्याआधी तोडू नयेत हे तिने सांगितले. दमलेल्या म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवायला, शिवाशिवीचा विचार बाजूला ठेवून, तिने त्याला पाठवले. आणि तो आंघोळीचा प्रसंग. ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून श्याम हट्ट धरतो, आई दगडावर आपले लुगडे पसरते, तो त्यावर पाय ठेवून उतरतो. मग ती त्याला सांगते, की पायाला जपतोस तसे मनालाही जप. आता फ्रॉइडच्या त्या वाक्याकडे वळा, की बायकांचा पराहम् तितका कणखर नसतो. पालगडच्या या बाईपुढे ते वाक्य क्षणभर तरी टिकते का?

पण 'बापाच्या जागी आई घातली की झाले' इतके हे सोपे नाही. धाकाने आत बसलेला आवाज आणि प्रेमाने आत बसलेला आवाज यांत फरक आहे, आणि तो फरक फ्रॉइडलाच शेवटी शेवटी दिसला. १९३० च्या संस्कृतीवरच्या पुस्तकात तो कबूल करतो, की मुलाला जितक्या कडकपणे वाढवले तितका त्याचा पराहम् कडक, असा हिशेब लागत नाही. अत्यंत मायेने वाढवलेल्या मुलाची सदसद्विवेकबुद्धी कधी कधी सगळ्यांत निष्ठुर निघते. का? त्याचे उत्तर तुम्हाला घरातच सापडेल. आई रागावली, धपाटा घातला, तर मूल पाय आपटते, ताट सरकवते, कोपऱ्यात जाऊन तिला मनातल्या मनात चार शिव्या देते. राग बाहेर पडायला वाट असते. पण आई काही न बोलता नुसती डोळ्यांत पाणी आणून बसली, तर? तिच्यावर रागवायचे कसे? तो राग परत फिरतो आणि स्वतःवर येतो. आपल्यापैकी कितीतरी जणांना बापाचे फटके आठवत नाहीत, पण आईचे एकदाचे रडणे सत्तरीतही आठवते. आम्हाला आठवते. प्रसंग इथे सांगत नाही.

'श्यामची आई'त अश्रू फार आहेत अशी टीका नेहमी होते. टीका चुकीची नाही. पण अश्रू त्या पुस्तकात सजावटीला आलेले नाहीत, संस्कार त्यांच्याच वाटेने आत जातात. मुलगा आईला दुखावण्याच्या भीतीने चांगला होतो. अशा चांगुलपणाचे ओझे मोठे असते, कारण त्यातून सुटका नाही. धाक घालणारा मेला की माणूस मोकळा श्वास घेतो. पण जिला दुखवायचे नव्हते ती गेली, की दुखावल्याचा हिशेब कायमचा उघडा राहतो.

न दिलेल्या त्या व्याख्यानांत फ्रॉइडने आणखी एक गोष्ट सांगितली आहे, आणि आमच्या मते ती त्याच्या सगळ्या लिखाणातली सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. मुलाचा पराहम् आईबापांसारखा नसतो. तो आईबापांच्या पराहम्‌सारखा असतो. म्हणजे आई मुलाशी बोलते तेव्हा ती एकटी बोलत नाही. तिच्या आतली तिची आई, सासू, आळी, गाव, सारे बोलत असतात. श्यामची आई पोहायला न जाणाऱ्या श्यामला शिंपटीने मारते. मुलगा माळ्यावर लपलेला, तिने त्याला ओढून काढले. इथे हात आईचा, पण आपला मुलगा भित्रा ठरू नये हा घोर एकट्या आईचा आहे का? तो सगळ्या गावाचा आहे.

आता कोणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण ईडिपसचे काय? ती इच्छा आपल्याकडे असते की नाही?

हा प्रश्न भारतात पहिल्यांदा नेटाने विचारला तो कोलकात्याच्या गिरींद्रशेखर बोस यांनी. व्यवसायाने डॉक्टर. १९२१ पासून त्यांचा फ्रॉइडशी पत्रव्यवहार होता आणि १९२२ साली त्यांनी कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला संस्थेने विष्णूची हस्तिदंती मूर्ती पाठवली, ती त्याच्या टेबलावर होती. मूर्ती पाठवली तरी बोस शिष्य म्हणून मान डोलावणारे नव्हते. त्यांनी फ्रॉइडला स्पष्ट कळवले, की बापाकडून इजा होण्याची ती भीती आपल्या भारतीय पुरुष रुग्णांत तितकी ठळक दिसत नाही; उलट स्त्री होण्याची इच्छा युरोपीय रुग्णांपेक्षा फार सहज वर येते. फ्रॉइडने सौजन्याने उत्तर दिले आणि आपले मत बदलले नाही.

बोस यांचे हे निरीक्षण हातात धरून 'श्यामची आई'ची तेविसावी रात्र उघडा. तिचे शीर्षक आहे 'अर्धनारी नटेश्वर'. आई आजारी, श्याम घरातली बायकांची समजली जाणारी कामे करतो, आणि पुरुषाच्या अंगी बाईची कोमलता आली पाहिजे हा विचार तिथे मांडलेला आहे. कोलकात्याच्या दवाखान्यात जी इच्छा कुजबुजत येत होती, ती नाशिकच्या तुरुंगात एक माणूस आदर्श म्हणून मोकळेपणाने लिहीत होता. फ्रॉइडच्या मुलाला आई सोडून बाप व्हावे लागते. श्यामला आई सोडायचीच नाही, त्याला आईच व्हायचे आहे. गुरुजींचे वर्णन आपण आजही 'मातृहृदयी' असे करतो ते उगाच नाही.

आणि खुद्द ईडिपसची गोष्ट? तीही आपल्याकडे आहे. इरावती कर्वे यांनी १९५० साली लंडनच्या 'मॅन' या नियतकालिकात तिची मराठी आवृत्ती छापली. ग्रीक कथेत भविष्य सांगते डेल्फीची देववाणी, आपल्याकडे सटवाई. मूल जन्मल्यावर सटवीच्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची पद्धत आपल्याला माहीत आहेच. तर एका मुलीच्या नशिबी पोटच्या मुलाशी लग्न लिहिलेले असते. ते टाळावे म्हणून ती पुरुषाचे तोंडही बघायला नको म्हणत रानात राहते. तरी दिवस जातात, मूल होते, ती ते टाकून देते. तेच मूल परक्या घरी वाढून मोठे होते आणि तिचा नवरा होते. पुढे तिला खूण पटते. आणि मग? ए. के. रामानुजन यांना मिळालेल्या कानडी कथेत ती गळफास घेते. मराठी कथेतली बाई नशिबाचे लिहिलेले मुकाट स्वीकारते आणि संसार करत राहते.

या कथेत आम्हाला सर्वांत नवल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. यात बापाचा खून नाही. डोळे फोडून घेणारा मुलगा नाही. मुलाला तर काही कळतच नाही. सारी कथा आईच्या बाजूने सांगितलेली. गुपित तिचे, ओझे तिचे. फ्रॉइड विचारतो, मुलाला आईकडून काय हवे असते. आपल्या बायकांनी उलट बाजूने विचारले: मुलगा हेच जिचे सर्वस्व होऊन बसते, त्या बाईचे काय? नवरा मुंबईला आणि उशाशी मुलगा, या घरातला हा प्रश्न कोणत्याही पाठ्यपुस्तकाआधी दळता-कांडताना कोणाला तरी सुचला होता.

तरुण बाईंचा प्रश्न विसरलेलो नाही. त्यासाठी फ्रॉइडच्या नंतरच्या दोघांकडे जावे लागते. मेलनी क्लाइन या बाईंनी अगदी लहान मुलांच्या खेळांचा अभ्यास केला. त्यांचे म्हणणे असे, की तान्ह्या मुलाला आधी वाटते, दूध देणारी आई एक आणि न देणारी वाईट आई दुसरी. मग एक दिवस कळते, की दोन्ही एकच. ज्या वाईट आईला आपण मनातल्या मनात फाडून खाल्ले, ती आपलीच चांगली आई होती. तेव्हा मुलाला पहिल्यांदा खरे वाईट वाटते, आणि मोडले ते सांधावे अशी ओढ लागते. क्लाइनबाईंच्या मते प्रेमाची, कामाची, कलेचीही सुरुवात या सांधण्यातून होते. तान्ह्या मुलाच्या मनात इतके सगळे चालते हे आम्हाला पूर्ण पटत नाही, पण मोठ्यांच्या बाबतीत हा विचार फार खरा वाटतो. श्यामची आई गेली तेव्हा श्याम जवळ नव्हता, शिकायला लांब होता. गुरुजींच्या मातोश्री १९१७ साली गेल्या. पुस्तक लिहिले १९३३ साली. शेवटच्या रात्रीचे नाव आहे 'आईचे स्मृतिश्राद्ध'. सांधण्याच्या ओढीला याहून चांगला मराठी शब्द आम्हाला सापडत नाही.

दुसरे डोनाल्ड विनिकॉट, लंडनचे मुलांचे डॉक्टर. आया आणि बाळे यांना रोज दवाखान्यात पाहणारा माणूस, त्यामुळे पाय जमिनीवर. त्यांनी म्हटले, मुलाला परिपूर्ण आई नको असते, बऱ्यापैकी आई पुरते. आई प्रत्येक वेळी, प्रत्येक क्षणी पुरी पडली, तर आपल्या बाहेर एक जग आहे हे मुलाला कळणारच नाही. ती थोडी चुकते, उशीर करते, कंटाळते, आणि परत येते. तिचे ते परत येणे महत्त्वाचे. १९४९ च्या एका निबंधात तर विनिकॉट यांनी आईला आपल्या बाळाचा रागही का येतो याची लांबलचक यादी दिली आहे. बाळ आईला मोलकरणीसारखे वागवते, हे त्यातले एक कारण. आमच्या एका विद्यार्थिनीला ही यादी वाचून वर्गात रडू आले होते. म्हणाली, हे कोणी आधी का नाही सांगितलं.

आता पोहण्याचा प्रसंग पुन्हा पाहा. आईने मारले. आज मुलाला असे मारणे आम्ही समर्थनीय म्हणणार नाही, आणि 'आमच्या वेळी असंच होतं' या सबबीवर तर मुळीच नाही. पण गुरुजींनी तो प्रसंग मारावर संपवलेला नाही. ती नंतर त्याच्यापाशी येते, त्याची समजूत घालते, तिचे डोळे भरून येतात. म्हणजे ज्या बाईला आपण देव्हाऱ्यात बसवले ती मूळ पुस्तकात चुकणारी, चिडणारी, मीठ विसरणारी बाई आहे. १९५३ साली अत्र्यांचा चित्रपट आला, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवून गेला, शाळाशाळांत दाखवला गेला, आणि हळूहळू 'श्यामची आई' हे एका बाईचे वर्णन न राहता सगळ्या आयांना लावायची फूटपट्टी झाले. कुठल्याही आईला "तू श्यामची आई हो" असे सांगण्याआधी ते पुस्तक नीट वाचावे. तर बाई, तुम्ही ओरडल्याने सगळे होऊन गेले असे नाही. ओरडल्यानंतरच्या तासाभरात काय होते, तिकडे लक्ष द्या. आणि हात उगारला असेल तर "माझं चुकलं" हे वाक्य पाच वर्षांच्या मुलाला उत्तम कळते. मात्र रोजच हात उगारला जात असेल, तर ती गोष्ट एकट्याने निस्तरायची नसते. मदत मागावी. आपल्या गावात मनाचा विषय निघाला की लोकांना मनोरुग्णालयाची भिंत तेवढी आठवते आणि ते गप्प होतात. ते बरोबर नाही.

एक गोष्ट राहिली. 'आई' म्हणताना आपण एकच बाई डोळ्यांपुढे आणतो. सुधीर काकर यांनी १९७८ च्या पुस्तकात लिहिले, की भारतीय मुलगा आईच्या कुशीत फार काळ राहतो आणि मग एकदम पुरुषांच्या जगात ढकलला जातो. स्टॅन्ली कुर्ट्झ हा अमेरिकन अभ्यासक मुंबईत संतोषीमातेच्या भक्तांमध्ये काम करून गेला आणि त्याने १९९२ साली उलट मांडले: इथे मुलाला एक आई नसतेच, आजी, काकू, आत्या मिळून अनेक आया असतात, आणि मूल एकीला सोडून सगळ्यांचे होते. आम्हाला दोघांचेही निम्मे निम्मे पटते. श्यामच्या घरातही दूर्वांची आजी आहेच. पण आज रत्नागिरीत दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये मूल वाढवणाऱ्या बाईला ना आजी आहे ना काकू, आणि अपेक्षा मात्र त्या सगळ्या जणींच्या तिच्या एकटीकडून आहेत. सिद्धांत बदलतात त्याहून घरे लवकर बदलतात.

राहिले संगमेश्वरचे गृहस्थ. त्या दिवशी आम्ही त्यांना एस.टी. स्टँडपर्यंत सोबत केली. चालता चालता विचारले, "तुम्ही काही वांडपणा केलात तर आई काय म्हणायची?" ते लगेच म्हणाले, "थांब, मुंबईला पत्र घालते." आम्ही त्यांना सांगितले, की झाक लाकां या फ्रेंच विश्लेषकाने १९५० च्या दशकात नेमके हेच मांडले. मुलाच्या मनात बाप म्हणून जे बसते ते घरात वावरणारे माणूस नव्हे, ती आईच्या बोलण्यातली एक जागा असते. आई ज्याचे नाव घेऊन स्वतःचा शब्दही त्याच्या खाली ठेवते, तो बाप. मग तो घरात असो, मुंबईत असो, नाहीतर फोटोत. लाकां भयंकर दुर्बोध लिहितो, पण कोकणातल्या माणसाला तो एका पत्रात कळावा.

गृहस्थ हसले. म्हणाले, "पण सर, आईला लिहिता कुठे येत होतं? पत्र मीच लिहायचो. ती सांगायची आणि मी लिहायचो."

"तुमचीच तक्रार?"

"माझीच. ती सांगायची त्याच्या निम्मी लिहायचो." मग थोडे थांबून म्हणाले, "एकदा मात्र तिला ठाऊक नव्हतं, तेही लिहून टाकलं."

काय लिहिलं होतं ते विचारणार, तोवर त्यांची गाडी लागली.